वर बघा, खाली खड्डा आहे

पुण्यात पायी चालणाऱ्या माणसानं नजर कुठे ठेवावी, याबद्दल दोन मतप्रवाह आहेत. पहिला म्हणतो, खाली. खाली खड्डा असतो, उखडलेला पेव्हर ब्लॉक असतो आणि झाकण नसलेलं चेंबर असतं. दुसरा म्हणतो, समोर. कारण दुचाकी समोरून येते, फूटपाथवरून येते आणि हॉर्न वाजवून वर आपल्यालाच विचारते, 'काका, घरी सांगून आलात का?' वर बघावं असं म्हणणारा मात्र कोणी नव्हता. वर होतं काय? केबलच्या तारा, कुणाकुणाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि त्यातून उरलंच तर आकाश. भर रस्त्यात कोणी मान वर करून उभं राहिलं, तर लोक दोनच प्रश्न विचारायचे: 'कोणाचा पतंग?' नाहीतर 'कोण चढलंय?'

हल्ली चित्र बदललंय. संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला, विशेषतः सर येऊन गेलेली असेल तर, चौकाचौकात माणसं फोन वर धरून उभी दिसतात. रिक्षावाला सिग्नलला मान बाहेर काढून फोटो घेतो. भाजीवाली 'दोन मिनिटं हं ताई' म्हणत वांगी काट्यावर तशीच ठेवून पश्चिमेकडे वळते. गच्चीवरचे कपडे काढायला गेलेली माणसं फोटो काढून रिकाम्या हातानं खाली येतात आणि बोलणी खातात. माझ्या मते या वेडाची आपल्या समाजाला फार गरज होती. का, ते सांगतो.

हवामानाबद्दल समाधान व्यक्त करणं हे आपल्याकडे शहाण्या माणसाचं लक्षण मानत नाहीत. एप्रिलमध्ये 'काय हा उकाडा', जूनमध्ये 'दडी मारली बघा', जुलैमध्ये 'नुसती रिपरिप, चपला वाळत नाहीत', ऑक्टोबरमध्ये 'आता हे काय ऊन पडायचे दिवस आहेत?' आणि डिसेंबरात 'यंदा थंडी पडलीच नाही'. थंडी पडलीच, तर ती बाधते. 'आज हवा छान आहे' असं म्हणणाऱ्याकडे लोक संशयानं बघतात. याला बहुतेक उसने पैसे हवे असावेत.

आभार मानण्याच्या बाबतीतही आपण सढळ हाताचे नाही. घरातल्या माणसाला कोणी 'थँक्यू' म्हणालं तर 'का रे, बरं वाटत नाही का?' अशी विचारपूस होते. आभार म्हणजे कार्यक्रमपत्रिकेतली शेवटची बाब. आभारप्रदर्शन करणारा माणूस माइकपाशी पोचतो तेव्हा श्रोते बटाटेवड्यांपाशी पोचलेले असतात. मंडपवाले, ध्वनिव्यवस्थावाले आणि पत्रकार बंधुभगिनी असं करत तो खुर्च्या मांडणाऱ्यांपर्यंत येतो, तोवर त्यांनी खुर्च्या उचलायला घेतलेल्या असतात.

अशा संस्कारांत वाढलेल्या माझ्या भाचीवर तिच्या हिंजवडीच्या कंपनीनं एक प्रसंग आणला. मनःस्वास्थ्याच्या कार्यशाळेत सगळ्यांना एकेक गुळगुळीत वही दिली आणि सांगितलं, रोज रात्री तीन गोष्टी लिहा, ज्यांबद्दल तुम्ही कृतज्ञ आहात. पहिल्या रात्री तिनं लिहिलं: आई, बाबा, वायफाय. दुसऱ्या रात्री: वायफाय, बाबा, आई. तिसऱ्या रात्री वायफाय गेलं होतं. तेव्हा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, तू रिकामा असतोस, तुला काहीतरी सुचेल." मला काही सुचलं नाही. मी तिला टेकडीवर घेऊन गेलो.

पुण्यात टेकडीवर जाणं हे एक प्रकारचं सदस्यत्व असतं. वर्गणी नसते, पण वेळ चुकवली की दुसऱ्या दिवशी जाब द्यावा लागतो. कोणी उलटं चालतं, कोणी टाळ्या वाजवतं, कोणी शेअर बाजार स्पीकरवर लावून मोरांना ऐकवतं. आमची वेताळ टेकडी शहरातली सगळ्यांत उंच. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. शहर स्वतःच साडेपाचशेच्या वर बसलेलं असल्यामुळे आपल्या वाट्याला चढ येतो तो दोन-अडीचशे मीटरांचा, पण तेवढा पुरतो. आकाशनिरीक्षणाचा खरा उगम मला इथे सापडला. दम लागलाय हे पुणेरी माणूस कबूल करत नाही. तो थांबतो, कमरेवर हात ठेवतो, मान वर करतो आणि धापांच्या मधल्या जागेत म्हणतो, "काय... आभाळ आहे... बघा!" सोबतच्यालाही दम लागलेला असतो. तोही बघतो. अशा रीतीनं सौंदर्यदृष्टी वाढीला लागते.

वर पोचल्यावर हवामानकाका भेटतात. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले. हवामानाशी त्यांचा संबंध इतकाच, की ते त्यात राहतात. पण अभ्यास दांडगा. एकदा आम्ही सगळे चिंब भिजून खाणीजवळच्या झाडाखाली उभे होतो. भाची म्हणाली, "काय पाऊस पडला ना, काका!"

"पडला नाही," काका म्हणाले. त्यांच्या टोपीच्या टोकावरून पाणी गळत होतं. "चोवीस तासांत अडीच मिलिमीटर झाल्याशिवाय तो दिवस पावसाचा धरत नाहीत."

आम्ही जे भिजलो होतो, ते बेहिशेबी भिजलो होतो.

काकांमुळे मला हवामान खात्याच्या भाषेचाही उलगडा झाला. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे कुठेतरी, कोणाच्या तरी अंगावर, असा माझा समज होता, आणि ते अंग बहुधा माझंच असे. तर तसं नाही. विभागातल्या शंभर केंद्रांपैकी पंचवीसपर्यंत केंद्रांवर पडला तर 'तुरळक', त्यापुढे पन्नासपर्यंत 'काही ठिकाणी', आणि पंच्याहत्तरच्या पुढे गेला की 'बहुतांश ठिकाणी'. इतकी रेखीव भाषा आपण लग्नाच्या याद्यांमध्येसुद्धा वापरत नाही. आभाळ किती भरलंय हेही खातं मापून सांगतं. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यांतले किती झाकले ते लिहायचं. सगळं आभाळ ढगांनी झाकलेलं असेल तर आठ, एकही ढग नसेल तर शून्य. वर बघायचे पगार मिळणारी माणसं आहेत हे ऐकल्यावर भाचीनं हिंजवडीच्या दिशेला एक लांब सुस्कारा सोडला.

पुण्याला हे शास्त्र शोभतंही. शिवाजीनगरच्या त्या जुन्या इमारतीला आपण सिमला ऑफिस म्हणतो, कारण १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं. पुढे १९४४ मध्ये ते दिल्लीला गेलं, पण नाव बसस्टॉपवर राहिलं. गेलेल्यांच्या नावानं पत्ता सांगायची आपली सवयच आहे.

खात्याआधी घरोघरी पंचांग होतंच. त्यात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं: बेडूक, मेंढा, हत्ती, गाढव, म्हैस, उंदीर, कोल्हा, मोर. माझी आई जूनच्या आधीच जाहीर करायची, "यंदा मृगाचं वाहन गाढव आहे. काही खरं नाही." पुनर्वसूतला तो तरणा पाऊस, पुष्यातला म्हातारा. गंमत म्हणजे म्हाताराच कधी कधी जास्त दम दाखवायचा, आणि तेव्हा आमचे आजोबा खिडकीत बसून विनाकारण खूश व्हायचे. मला हवामान खात्याचा ग्राफही आवडतो. पण गाढवावर बसून येणाऱ्या पावसाची वाट पाहण्यात जी मजा होती, ती त्याला नाही.

बाकी पुण्याच्या वाट्याला पाऊस येतो तो पंगतीत शेवटी बसलेल्या पाहुण्यासारखा. अरबी समुद्रावरून ढग भरून निघतात, सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, गार होतात आणि बरंचसं पाणी घाटातच वाढून मोकळे होतात. महाबळेश्वरच्या पानात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतं. पुण्याच्या पानात सात-साडेसातशे. उरतात ते रिकाम्या हातानं फिरणारे देखणे ढग. शेतीच्या दृष्टीनं हा अन्याय असेल, पण छायाचित्रणाच्या दृष्टीनं पर्वणी आहे. महाबळेश्वरकराला जुलैमध्ये समोरचं दार दिसत नाही, तो आकाश कुठलं टिपणार? पुणेकराला मात्र रोज नवा ढग, नवी किनार आणि भिजायची फारशी भीती नाही.

काकांनी तर एका ऑगस्टमध्ये सिंहगडाच्या मनोऱ्यावर टेकलेला फुगीर पांढरा ढग दाखवून विचारलं, "याचं वजन किती असेल?" भाची म्हणाली, "शून्य. तरंगतोय ना." काका हा प्रश्न याच उत्तरासाठी विचारतात. असा एक घन किलोमीटरचा ढग धरला तर त्यात साधारण पाचशे टन पाणी असतं. "म्हणजे शंभर हत्ती!" काका म्हणाले. मग ते खाली का पडत नाहीत? थेंब इतके बारीक, मिलिमीटरचा शंभरावा-पन्नासावा भाग, की खालून चढणारी हवा त्यांना सहज तोलून धरते. शंभर हत्ती डोक्यावर आहेत हे कळल्यावर आमच्यातले दोघे जण लगबगीनं खाली उतरले. बाकीच्यांनी फोटो काढला.

आता फोटोंविषयी. आकाशाचा फोटो काढणं सोपं आहे, कारण आकाश हलू नका म्हटलं नाही तरी फारसं हलत नाही आणि 'माझे डोळे मिटलेत, परत काढ' असं म्हणत नाही. तरी आमचे सुरुवातीचे सूर्यास्त पांढरेफटक यायचे. भाचीनं शिकवलं: पडद्यावर जिथे सगळ्यांत जास्त उजेड आहे तिथे बोट टेकवायचं, बाजूला छोटा सूर्य उमटतो, तो खाली ओढायचा. "मामा, अंधार वाढव, म्हणजे रंग दिसतील."

"हे सेटिंग आहे की प्रवचन?" काकांनी विचारलं.

रंग दिसले खरे. मावळतीचा उजेड वातावरणातून तिरका, लांबचा रस्ता काढून येतो. वाटेत निळा विखरून जातो आणि तांबडा-केशरी तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. पावसानं धूळ बसवली असेल तर तो आणखी उजळ दिसतो. भाचीनं असा एक फोटो कात्रजच्या बाजूनं काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. डोंबिवलीच्या आत्याचा ताबडतोब निरोप आला: 'स्वित्झर्लंडला कधी गेलीस? सांगितलं नाहीस!' कात्रज आहे म्हटल्यावर आत्यानं अंगठा पाठवला, पण त्यात मघाचा आदर नव्हता.

सोसायटीच्या ग्रुपवर याहून गंभीर पेच आहे. रोज पहाटे पाचला 'शुभ सकाळ' लिहिलेला सूर्योदय येतो. सूर्योदय आणि सूर्यास्त फोटोत ओळखू येत नाहीत असा पाठवणाऱ्यांचा भरवसा. काकांनी तो मोडला. "पाण्याची टाकी उजव्या हाताला आहे म्हणजे कॅमेरा पश्चिमेकडे होता. हा काल संध्याकाळचा आहे." त्या दिवसापासून ग्रुपवर शुभ सकाळ उशिरा होते, पण खरी होते.

लंडनला असलेला माझा मावसभाऊही या उद्योगात सामील झाला. त्यानं पहिला फोटो पाठवला तो राखाडी रंगाचा चौकोन होता. आम्हाला वाटलं, अजून डाउनलोड व्हायचाय. बराच वेळ सगळे थांबलो. मग त्यानं खुलासा केला, आज आभाळ असंच आहे; कालही असंच होतं. नवल याचं वाटतं, की त्याच लंडनमध्ये १८०२ साली ल्यूक हॉवर्ड नावाच्या, औषधं तयार करण्याचा धंदा असलेल्या माणसानं ढगांचे प्रकार पाडले आणि त्यांना लॅटिन नावं दिली. सिरस, क्युम्युलस, स्ट्रॅटस ही नावं आजही जगभर चालतात. माझ्या भावाला चाळीसेक वर्षं राहूनही तिथे एकच प्रकार आढळला आहे. हॉवर्डनंतर वीसेक वर्षांनी चित्रकार जॉन कॉन्स्टेबल लंडनच्या हॅम्पस्टेडला उभा राहून नुसत्या आकाशाची चित्रं काढत असे आणि मागे तारीख, वेळ, वारा कुठला हे टिपून ठेवत असे. आमचे फोन तारीख-वेळ आपोआप टिपतात. फोटोतलं बाकी काहीही बिघडलं तरी तेवढं बरोबर येतं.

पण ढगाशी कसं वागावं याचा वस्तुपाठ आपल्याकडे त्याच्याही फार आधीचा आहे. 'मेघदूता'तला शापित यक्ष रामगिरीवर, म्हणजे रूढ समजुतीप्रमाणे आपल्या रामटेकला, आषाढाचा ढग बघतो. त्याचं काम मोठं आहे. निरोप थेट अलकानगरीला पोचवायचाय. पण आधी तो कुड्याची ताजी फुलं वाहून ढगाचं स्वागत करतो, मग विषय काढतो. आम्ही हे ऐकवलं तेव्हा काका म्हणाले, "सरकारी कामाचा अनुभव दिसतो त्याला." मला मात्र त्या यक्षाचं कौतुक वाटतं. बायकोपासून दूर, पुढे अजून चार महिने काढायचे, तरी आल्या ढगाला आधी फूल. आम्ही ढग आला की आधी गच्चीवर पळतो आणि गहू उचलतो.

भाचीच्या वहीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. तिनं तीन गोष्टींचा नाद सोडला आणि दिवसाला एक फोटो व त्याखाली एक ओळ एवढंच ठेवलं. मी ती वही चाळली. 'बस चुकली. मळभ, पण कडेनं सोनेरी.' 'बॉस फार बोलला. चंद्राला खळं पडलं होतं.' 'डबा विसरले, भिजले, उघडीप झाली, पोहे खाल्ले.' कार्यशाळेतल्या बाईंनी म्हणे यावर शेरा मारला, की यात तक्रारी फार आहेत. त्या बाई बाहेरगावच्या असाव्यात. आपल्याकडे वाक्याचा पूर्वार्ध तक्रारीसाठी राखीव असतो; आभार असलेच तर उत्तरार्धात येतात, तेही खालच्या आवाजात. आमच्या शेजारच्या काकू मे महिन्यात गच्चीवर कुरडया घालतात आणि दिवसभर म्हणतात, "मेलं ऊन नुसतं जाळतंय!" संध्याकाळी जिना उतरताना पुढचं वाक्य येतं, "पण एका दिवसात खडखडीत झाल्या हं." उन्हाला याहून मोठं प्रशस्तिपत्र आजवर मिळालं नसेल. याच काकूंनी गेल्या मेमध्ये ग्रुपवर कुरडयांचा फोटो पाठवला. त्यात तीन चतुर्थांश आकाश होतं. पिंजलेले पांढरे ढग, एक घार, आणि खाली कोपऱ्यात अर्धी कुरडई. विचारलं तर म्हणाल्या, "हात हलला हो." हात असा बरोबर वरच्या दिशेनं हलतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता कोजागिरी. सोसायटीच्या गच्चीवर मोठ्या पातेल्यात दूध उकळत होतं, केशर-वेलदोडे पडले होते, आणि दुधाकडे कोणाचं लक्ष नव्हतं; सगळे चंद्राला फोनमध्ये पकडत होते. प्रत्येकाच्या पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरा दिवा येत होता. डोळ्यांना एवढा मोठा दिसणारा चंद्र फोनमध्ये गेला की शाबुदाण्याएवढा का होतो, यावर मतभेद झाले. एकानं फोनला दोष दिला, दुसऱ्यानं ढगाला. काकांनी सगळ्यांना हात लांब करून करंगळी धरायला लावली. चंद्र करंगळीमागे लपला. "अर्धा अंश," काका म्हणाले. "तेवढाच आहे तो. मोठा आपल्याला वाटतो, फोनला वाटत नाही." फोन सगळं आकाश काळं आहे असं धरून उजेड वाढवतो आणि त्यात चंद्र जळून जातो. भाचीनं पुन्हा तो छोटा सूर्य खाली ओढायला शिकवलं, आणि काही जणांच्या फोटोत चंद्रावर डाग दिसायला लागले. एका आजोबांनी पडदा पुसून पाहिला.

या गडबडीत दूध दोन बोटं आटलं. पेले वाटले गेले तेव्हा आमच्या काकूंनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर फारच झालीये बाई. आणि केशर कुठलं आणलंत, रंगसुद्धा उतरलेला नाही. हवाही काय, दमटच आहे अजून." एवढं बोलून त्यांनी वर एकदा बघितलं, रिकामा पेला पुढे केला आणि वाढणाऱ्याला म्हणाल्या, "थोडंच घाल. मघाशी घातलंस ना, तेवढं."